आधी मुद्दल



आकाशवाणीवरून फोन आला आणि ‘साठवलेले पैसे कुठे ठेवावेत, कुठे व्याज बरं मिळतं, यावर बोलाल का?’ असं विचारलं, तेव्हा मला वाटलं नंबर चुकला. मी पन्हाळ्यावर राहणारा, शाळेत लिपिकाची नोकरी करणारा आणि उरलेल्या वेळात कविता लिहिणारा माणूस. माझ्या दोन कवितासंग्रहांच्या प्रती अजून घरात माळ्यावर आहेत. ती माझी सगळ्यांत जुनी मुदत ठेव. तिच्यावर आजवर एक पैसा व्याज मिळालेलं नाही.

पण मग आठवलं, १७२९ साली याच पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत पुढे बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला गेले आणि नाईक म्हणजे पेशवाईतलं नावाजलेलं सावकार घराणं. म्हणजे पन्हाळ्याच्या कवीचा आणि सावकारीचा संबंध तसा जुनाच आहे. शिवाय या विषयावर मला एक कबुली द्यायची आहे. ती वीस वर्षं मनात आहे. म्हणून हो म्हटलं.

माझे वडील शिंपीकाम करायचे. १९८२ साली ते गेले. घरात आम्ही तीन भावंडं आणि अम्मा. अम्मा तीन दरवाजाजवळ पाटी घेऊन बसायला लागली. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात भाजलेली कणसं, एरवी उकडलेल्या शेंगा. रविवारी कोल्हापूर-सांगलीकडची माणसं गडावर येत, तेव्हा चार पैसे जास्त मिळत. रोजचा खर्च भागवून जे उरे, ते ती घरातल्या ज्वारीच्या कणगीत तळाला एका डब्यात ठेवायची. एका पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट बसलं नाही आणि उंदरांनी नोटांच्या कडा कुरतडल्या. त्या रात्री अम्मा चुलीपुढे बसून एकेक नोट उलगडून बघत होती. ‘घरात ठेवलेला पैसा सुरक्षित असतो’ असं कुणी म्हटलं की मला ती नोटांची चळत दिसते. पुढे २०१६च्या ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. आमच्या गल्लीतल्या किती तरी बायाबापड्यांचे पिठाच्या डब्यातले पैसे तेव्हा नवऱ्यादेखत बाहेर आले. उंदीर काय, महागाई काय, सरकारी हुकूम काय, घरातल्या रोकडीला कुरतडणारं कुणी ना कुणी असतंच.

उंदरांच्या त्या प्रकरणानंतर अम्मानं पिग्मी सुरू केली. आपल्याकडे कोल्हापूर, बेळगाव भागात पिग्मी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो, दोन रुपये, पाच रुपये, जे असेल ते घेतो आणि पुस्तकात लिहून देतो. ही कल्पना १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं काढली. तेव्हा रोज दोन आणे भरूनसुद्धा खातं चालवता यायचं. पिग्मीवर व्याज फार मिळत नाही. पण तिचा गुण व्याजात नाही, शिस्तीत आहे. हातातला पैसा संध्याकाळी हातातून जातो, म्हणून तो उरतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण शाळेत निबंधात लिहितो. अम्मा शाळेत गेली नव्हती. तिनं तळं साचवलं.

१९९४ साली पिग्मीचे वीस हजार झाले, तेव्हा मी तिला पोस्टात नेलं आणि किसान विकासपत्रं घेऊन दिली. ती योजना १९८८ साली निघालेली. साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. अम्मा व्याज खात नसे. आमच्यात सूद वर्ज्य मानतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. बँकेचं व्याज त्यात येतं की नाही यावर जाणत्यांचे वाद आहेत. त्या वादात मी पडत नाही. अम्माचा हिशेब साधा होता. १९९९ साली विकासपत्रांचे चाळीस हजार हातात आले, तेव्हा तिनं दोन ढीग केले. ‘हे वीस माझे, हे वीस माझे नव्हेत.’ दुसऱ्या ढिगातून गल्लीतल्या एका विधवेच्या घरावर कौलं चढली आणि एका पोराची ऑपरेशनची सोय झाली. ते वीस हजार म्हणजे माझा तेव्हाचा तीन-चार महिन्यांचा पगार. मी वरून काही बोललो नाही. आतून बोललो.

तिचा पैसा कशासाठी होता, तेही सांगतो. तिला हजला जायचं होतं. हजचा पैसा कष्टाचा हवा, कर्जाचा नको, सुदाचा नको. म्हणून ती शेंगा विकून साठवत होती. २००३पर्यंत पोस्टात तिचे एक लाख वीस हजार झाले. पासबुकावरचे आकडे तिला वाचता येत नसत, पण दर महिन्याला ती मला विचारायची, ‘मुद्दल किती झालं?’ आमच्या घरात दखनी बोलतात. मी तुमच्यासाठी मराठीत सांगतोय. पण ‘मुद्दल’ हा शब्द तिचाच.

ते २००३ साल आठवा. व्याजाचे दर धडाधड खाली आलेले. नव्वदच्या दशकात बँका बारा-तेरा टक्के देत होत्या, त्या सहा टक्क्यांच्या आसपास उतरल्या. भविष्य निर्वाहाच्या पीपीएफचा दर वर्षानुवर्षं बारा टक्के होता, तो आठवर आला. पोस्टाची मासिक प्राप्ती योजनाही आठवर. निवृत्त माणसं चावडीवर बसून याच गोष्टी बोलायची. अशा वेळी आमच्याच जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या दारावर पाटी लागली, ‘मुदत ठेवीवर १३ टक्के’. तिचं नाव मी घेत नाही. नावात काही नाही. पाट्या बदलतात, गोष्ट तीच असते.

मी बी.ए. झालेला. घरात शिकलेला मीच. मी कागदावर हिशेब मांडला. पोस्टात आठ टक्क्यांनी वर्षाला ९,६०० रुपये. तिथं तेरा टक्क्यांनी १५,६००. आणि अम्माला तर व्याज नकोच आहे. मग मी तिला म्हटलं, ‘मुद्दल तुझं. व्याज मी घेतो. पोरीच्या शाळेला होईल.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू शिकलेला आहेस. माझं मुद्दल तेवढं जागेवर असू दे.’

श्रोतेहो, हीच ती कबुली. पैसे अम्माचे, हाव माझी.

दीड वर्ष व्याज वेळेवर मिळालं. २००५ साली एका सोमवारी कुणी तरी सांगितलं, शटर बंद आहे. मी सायकल काढून गेलो. दारात दीड-दोनशे माणसं उभी. एक म्हातारा पावती छातीशी धरून ‘आज उघडतील, आज उघडतील’ म्हणत होता. आत कुणी नव्हतं. बाहेर पाटी तशीच होती. तेरा टक्के.

नंतर कळलं की संचालकांच्या गोतावळ्यात कर्जं वाटली गेली होती आणि ती परत आली नव्हती. असं त्या दशकात महाराष्ट्रात अनेक पतसंस्थांच्या बाबतीत झालं. मोर्चे झाले, अर्ज झाले, प्रशासक आले. ठेवीदारांसाठी राज्यानं १९९९ साली केलेला कायदा होता आणि आजही आहे. तो उपयोगीही पडतो. पण मालमत्ता जप्त होणार, तिचा लिलाव होणार, मग पैसे वाटले जाणार, याला वर्षं लागतात. आम्हांला २००८ ते २०१४ या काळात हप्त्याहप्त्यानं ६४ हजार परत मिळाले. व्याजाशिवाय. बाकीचे गेले.

त्या सात वर्षांत अम्मानं मला एकदाही दोष दिला नाही. हप्ता आला की विचारायची, ‘मुद्दल किती आलं?’ मी आकडा सांगायचो. ती मान हलवायची. २०१४ साल येईपर्यंत तिचे गुडघे गेले होते. शेजारच्या घरापर्यंत चालणं होत नव्हतं. त्याच वर्षी माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची होती. अम्मानं ते ६४ हजार माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, ‘माझं जाणं राहू दे. हिचं अडवू नकोस.’ पुढच्या वर्षी ती गेली. हज राहिलीच.

एवढं घरचं. आता यातून मला जे समजलं ते सांगतो. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. दर बदलतात, नियम बदलतात. तुम्ही जाल त्या दिवशी तुम्ही पुन्हा विचारून घ्या. पण विचारायचं काय, हे मी ठेच लागून शिकलो.

पहिली गोष्ट. मी तेव्हा जो हिशेब मांडला, तो अर्धाच होता. जास्तीचं व्याज किती? वर्षाला सहा हजार. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये. आणि त्यासाठी पणाला काय लावलं? एक लाख वीस हजार. सहा हजारांप्रमाणे हे मुद्दल भरून यायला वीस वर्षं लागतात. म्हणजे ती संस्था वीस वर्षांत एकदा बुडण्यासारखी असेल, तरी माझ्या पदरात काहीच पडत नव्हतं. व्याजाचा दर ही बक्षिसी नसते. तो जोखमीचा भाव असतो. बाजारात सगळे सात देत असताना कुणी अकरा देतो म्हणाला, तर वरचे चार टक्के तो प्रेमापोटी देत नाही. त्याला कुठून तरी पैसा मिळत नाही, म्हणून तो तुम्हांला जास्त देतो. ही एक गोष्ट कळली की निम्म्या पाट्या आपोआप वाचायच्या बंद होतात.

दुसरी गोष्ट. पैसे ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत आणि याच क्रमानं विचारावेत. पहिला, हा बुडाला तर माझं मुद्दल कोण देणार? दुसरा, मला गरज लागेल त्या दिवशी ते मिळेल का? आणि तिसरा, वाढ किती? आपण बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि तिथंच थांबतो.

पहिला प्रश्न घेऊ. पोस्टातल्या बचतीमागे केंद्र सरकार उभं असतं. पोस्टाची बचत बँक १८८२पासून चालू आहे. बँकांचं म्हणाल, तर आपल्याकडे १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या आणि लोकांचे हाल झाले. त्यानंतर ठेवींना विमा आला. १ जानेवारी १९६२पासून. तेव्हा विम्याचं संरक्षण पंधराशे रुपयांपर्यंत होतं. १९९३ साली ते एक लाख झालं आणि मग तब्बल सत्तावीस वर्षं एक लाखावरच राहिलं. ४ फेब्रुवारी २०२०पासून ते पाच लाख झालं. सरकारी बँक, खासगी बँक, स्मॉल फायनान्स बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा बँक, सगळ्यांना हा विमा आहे आणि त्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही.

पण हे पाच लाख कसे मोजतात, ते नीट ऐका. एका माणसाला, एका बँकेत. तुमच्या नावावर त्याच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी असतील, तर त्या सगळ्यांची बेरीज धरतात. आणि मुद्दल व व्याज मिळून पाच लाख. म्हणून शहाणा माणूस एका बँकेत साडेचारच्या आसपास थांबतो, वर व्याजाला जागा ठेवतो आणि पुढचे पैसे दुसऱ्या बँकेत नेतो.

आता पतसंस्था. नावात ‘पत’ आहे, काउंटर आहे, पासबुक आहे, म्हणून आपल्याला ती बँकच वाटते. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची नोंदणी सहकार खात्याकडे असते. रिझर्व्ह बँकेची तिच्यावर देखरेख नसते आणि मी आत्ता सांगितलेला पाच लाखांचा विमा तिच्या ठेवींना लागू होत नाही. २००३ साली हे एवढं एक वाक्य मला ठाऊक असतं, तर बरं झालं असतं. याचा अर्थ सगळ्या पतसंस्था वाईट, असा मुळीच नाही. ज्या दारात बँक उभी राहत नाही त्या दारात पतसंस्था उभी राहिलेली मी पाहिली आहे. रिक्षाला, म्हशीला, लेकीच्या लग्नाला तिनंच कर्ज दिलेलं आहे. चांगल्या पतसंस्था पन्नास-पन्नास वर्षं नेकीनं चालल्या आहेत. पण चांगली कुठली हे ओळखायचं, तर वार्षिक अहवाल वाचावा लागतो. थकबाकी किती, लेखापरीक्षणात वर्ग कुठला, संचालक कोण कोण, कर्जं कुणाला, हे बघावं लागतं. आपण काय बघतो? कॅलेंडर भेट मिळतं का.

दुसरा प्रश्न, गरजेच्या दिवशी पैसा मिळेल का? २३ सप्टेंबर २०१९ला रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खात्यात दहा लाख असोत की दहा हजार, सुरुवातीला सहा महिन्यांत एक हजार रुपयेच काढता येतील असा आदेश होता. ती मर्यादा नंतर वाढत गेली. २०२२च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमा दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्यानं द्यायच्या ठरल्या. म्हणजे पैसा बुडाला नाही, पण अडकला. दवाखान्यात माणूस असताना अडकलेला पैसा आणि बुडालेला पैसा यांत फार फरक वाटत नाही. यातून एक सुधारणा झाली. २०२१च्या कायद्यानं असं ठरलं की बँकेवर असे निर्बंध आले, तर विम्याचे पाच लाखांपर्यंतचे पैसे साधारण नव्वद दिवसांत ठेवीदाराला मिळावेत. पण नव्वद दिवस म्हणजेही तीन महिने. तेवढे दिवस चूल पेटायला दुसऱ्या कुठल्या तरी जागी पैसे हवेतच.

मग तिसरा प्रश्न, वाढ किती? इथं बोलभांड लोक ‘दामदुप्पट’ असा शब्द फेकतात. या शब्दाची गंमत बघा. आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुप्पट हा सावकाराला घातलेला लगाम होता. व्याज वाढत वाढत मुद्दलाएवढं झालं की थांबायचं. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हा नियम मानला होता. म्हणजे जो शब्द ऋणकोला वाचवण्यासाठी होता, तोच आता ठेवीदाराला भुलवण्यासाठी वापरतात.

दामदुप्पट कधी होईल हे ओळखायची सोपी युक्ती आहे. बहात्तरला व्याजाच्या दरानं भागा. येईल तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. तेरा टक्के असतील तर साडेपाच वर्षं. साडेसात टक्के असतील तर साडेनऊच्या थोडं वर. २०२५ साली किसान विकासपत्राचा दर साडेसात टक्के होता आणि मुदत ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. हिशेब बरोबर जुळतो. आता कुणी म्हणालं ‘तीन वर्षांत दुप्पट’, तर बहात्तरला तीननं भागा. चोवीस टक्के. चोवीस टक्के प्रामाणिकपणे कमावून तुम्हांला वाटणारा धंदा मला तरी दाखवा.

वाढ मोजताना महागाईही वजा करायची असते आणि कर लागत असेल तर तोही. २०२५च्या जूनमध्ये स्टेट बँकेनं बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला. रिझर्व्ह बँक महागाई चार टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून झटत असते. म्हणजे सगळा पैसा नुसता बचत खात्यात पडून असेल, तर तो बसल्या जागी झिजतो. तेव्हा व्याजाचा विचार करूच नये, असं मी म्हणत नाही. करायचाच. पण तो तिसरा प्रश्न आहे.

आता माझ्या स्वतःच्या पैशाचं सांगतो, कारण पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. पन्हाळ्यावर आलात तर अंबरखाना बघितला असेल. धान्याची ती प्रचंड दगडी कोठारं. एक नाही, तीन आहेत. गंगा, यमुना आणि सरस्वती. लहानपणी आम्ही त्यांच्या बाहेरच्या पायऱ्यांवरून पळापळी करायचो. १६६०मध्ये सिद्दी जौहरनं गडाला चार महिने वेढा घातला, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. वेढा पडल्यावर धान्य बाजारात काय भावानं चाललंय हे कुणी विचारत नाही. कोठारात आहे का आणि हाताला लागतं का, एवढंच विचारतात. आणि सगळं धान्य एकाच कोठारात नसतं. एकाला कीड लागली, तर दुसरं असतं.

मी तसंच ठरवलंय. माझी मोठी कोठी सरकारी हमीची. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४पासून आहे. २०२५ साली तिचा दर ८.२ टक्के होता. दहा लाख ठेवले, तर दर तिमाहीला साडेवीस हजार हातात येतात. मुदत पाच वर्षांची, मर्यादा तीस लाखांची. साठीनंतर खातं उघडता येतं. पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त होणाऱ्यांनाही उघडता येतं, मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत. उगाच महिनोन्‌महिने लांबवू नका.

दुसरी कोठी दोन वेगवेगळ्या बँकांतल्या मुदत ठेवींची. प्रत्येक ठिकाणी विम्याच्या मर्यादेच्या आत. आणि सगळी ठेव एका मुदतीची नाही. एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची, अशा पायऱ्या. म्हणजे दर वर्षी एक पावती मोकळी होते. दर चढले असतील तर नव्या दरानं ठेवायची. उतरले असतील तर बाकीच्या जुन्या दरानं चालूच असतात. तिसरी कोठी लहान. सहा महिन्यांचा घरखर्च. तो बचत खात्यात, कधीही काढता येईल असा. तिथं व्याज कमी मिळतं याचं दुःख करायचं नाही. ती झोपेची किंमत आहे.

आणि गावातली पतसंस्था? तिच्यातही माझं खातं आहे. पण तेवढंच, जेवढं उद्या गेलं तर घरात कुणाचं काही अडणार नाही.

एक लहान गोष्ट राहिली. प्रत्येक पावतीवर नामनिर्देशन करा. १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावं देण्याची सोय झालेली आहे. आणि पावत्या कुठे आहेत हे घरातल्या बाईमाणसाला सांगून ठेवा. आपण वारसाचं नाव मनात ठेवतो, बँकेला मनातलं वाचता येत नाही.

आता शेवटचं. माझी मुलगी पुण्यात नर्स आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ‘अब्बा, तुमचे निवृत्तीचे पैसे बँकेत सात टक्क्यांवर कशाला ठेवता? एक कंपनी अकरा टक्के देतेय. महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा. मोबाइलवर सगळं दिसतं.’ मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. वीस वर्षांपूर्वी मी अम्मापुढे कागद घेऊन बसलो होतो, तसाच तिचा आवाज होता. फरक एवढाच की तिला माझ्या पैशातलं काही नको होतं.

मी तिला म्हटलं, ‘तू त्यांना फक्त दोन गोष्टी विचार. ठेवीला विमा आहे का, आणि नसेल तर तुम्ही बुडालात तर पैसे कोण देणार.’ तिनं विचारलं. दोन दिवसांनी तिचा फोन. म्हणाली, ‘अब्बा, ते म्हणाले, आमच्याकडे आजवर एकाही माणसाचा पैसा अडकलेला नाही.’

मी म्हटलं, ‘हे उत्तर नव्हे, बेटा. हे मलाही सांगितलं होतं.’

ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘दादी असती तर काय म्हणाली असती?’

अम्माचं पोस्टाचं जुनं पासबुक अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर २००३ सालचा शिक्का आणि त्यापुढे शिल्लक शून्य. ते पैसे काढताना फॉर्म मीच भरला होता आणि अंगठा तिचा घेतला होता. कधी कुणी ‘चांगलं व्याज’ म्हणून काही सांगायला आलं, की मी ते पासबुक काढून ठेवतो. त्याच्याकडे बघून बोललं की माझा हिशेब चुकत नाही.

मुलीला मी सांगितलं, ‘दादीनं व्याज किती हे विचारलंच नसतं. मुद्दल जागेवर राहील का, एवढंच विचारलं असतं.’

तुम्हीही तेवढं विचारा. मग पुढचं सगळं विचारा.